प्रार्थनेत ठेवलेला कूलर

ज्यांचं नुकतंच जेवण झालं आहे त्यांनी हे थोडं थांबून वाचावं. मला घाण आवडते असं नाही, पण घाणीबद्दल सांगायला लागले की माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात आणि घरातली माणसं ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जातात.

आम्हा ख्रिस्ती माणसांत एक वाक्य फार चालतं. ‘प्रार्थनेत ठेवलंय.’ मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं आम्ही प्रार्थनेत ठेवतो. त्यात काही वावगं नाही. माझा त्यावर विश्वास आहे, आणि माझ्या आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी धड झाल्या त्या तशाच झाल्या. पण काही माणसं प्रार्थनेत गोष्टी अशा ठेवतात जशा आपण उन्हाळ्यात रजया दिवाणाच्या पोटात ठेवतो. झाकण लावलं, वर बसलो, विषय संपला. ज्या कामाला एक बादली, एक खराटा आणि थोडं धैर्य लागतं, ते काम देवाच्या स्वाधीन करून चहा पिणाऱ्या माणसाची मला किळस येते. मेलेल्या उंदराची येते त्याहून जास्त. आणि असा एक माणूस माझ्या घरात आहे. माझं लग्नच त्याच्याशी झालं आहे.

हे विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन आम्ही नगरहून जयपूरला आलो. रविवारी आम्ही इथल्या हिंदी चर्चला जातो, पण आपल्या भाषेत गायल्याशिवाय घशाला समाधान होत नाही, म्हणून चार-पाच मराठी घरं दर शनिवारी संध्याकाळी एकत्र जमतात. जमायची जागा ठरलेली, बनी पार्कमधलं आत्यांचं घर. आत्या खरं तर पुण्यातल्या एका भाच्याच्या आत्या, पण आम्ही सगळे त्यांना आत्याच म्हणतो. तरुणपणी त्या इथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. नवरा इथेच वारला, इथल्याच कबरस्तानात आहे, आणि त्याच्या शेजारची जागा आत्यांनी स्वतःसाठी धरून ठेवली आहे. ‘माझं रिझर्वेशन कन्फर्म आहे,’ असं त्या पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुण्यांनी काय चेहरा करावा हे कळेनासं झालं की खूश होतात.

स्वच्छतेच्या बाबतीत बाई भयंकर. बशी हातात देण्याआधी तुमची नखं बघणार. बँकेतले एक साहेब आहेत आमच्यात, मुरलीपुऱ्याला राहतात. माणूस मोठ्या शाखेचा मॅनेजर, पण आत्यांच्या दारात आला की शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे पुढे करतो. अशा या बाईचा वास मात्र कोविडमध्ये गेला तो परत आलाच नाही. फोडणी जळली तरी त्यांना धूर दिसल्यावर कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यामुळेच झालं. यामुळे आणि माझ्या नवऱ्यामुळे.

आत्यांच्या बैठकीच्या खिडकीला, बाहेरच्या बाजूनं, लोखंडी स्टँडवर एक कूलर आहे. लहानसहान नाही, कपाटाएवढा. त्याला नळाची नळी जोडलेली आणि आत एक तरंगता गोळा. टाकीतलं पाणी कमी झालं की आपोआप भरतं. इथे दिवाळी झाली की लोक कूलर रिकामे करतात. बाजूच्या जाळ्यांत भरलेलं वाळकं गवत, इथल्या भाषेत घास, काढून फेकतात, टाकी पुसतात, जुनी चादर गुंडाळतात आणि होळीपर्यंत विसरून जातात. त्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आत्या म्हणाल्या की शेजारचा माळी कूलर उघडून द्यायला तयार आहे. तेव्हा माझ्या नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि हे म्हणाले, “आत्या, कूलरचं मी बघतो. तुम्ही कुणाला बोलावू नका.”

या दोन वाक्यांतलं दुसरं वाक्य जास्त वाईट. आळशी माणूस नुसतं काम टाळत नाही, तो कामावर रुमाल टाकून ठेवतो, बसमधल्या सीटवर टाकतात तसा. दुसऱ्या कुणाला बसता येत नाही. माळी परत गेला.

मग शनिवार येत गेले. कधी यांचे कपडे चांगले असायचे. कधी थंडी फार असायची. एकदा यांनी म्हणे कूलरवाल्या भैयाला फोन केला आणि तो म्हणाला, होली के बाद देखेंगे. तर त्या भैयाच्या शब्दाला यांनी शास्त्रवचनाचा मान दिला. जानेवारीत मी विचारलं तर म्हणाले, प्रत्येक गोष्टीची प्रभूची एक वेळ असते. मी म्हटलं, प्रभूची असेल, डासांची तर झालीसुद्धा.

खिडक्या बंद होत्या तोवर कुणाला काही जाणवलं नाही. फेब्रुवारीत खिडक्या उघडल्या आणि पहिली झुळूक आली. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहिलं की येतो तसा, हिरवट, ओलसर वास. हे काहीच नव्हतं. मार्चच्या मध्यावर त्याच्यात दुसरा वास येऊन मिसळला. गोड. किळसवाण्या वासांत सगळ्यात किळसवाणा तो गोड वास, जो नाकात न थांबता जिभेवर येऊन बसतो. आम्ही डोळे मिटून गीत म्हणायला तोंड उघडायचो आणि तो आत जायचा. उंच सुरासाठी दीर्घ श्वास घ्यावा लागतो. त्या महिन्यात आमची सगळी गीतं खालच्या पट्टीत आली.

दुसरं कुणी असतं तर उदबत्ती लावली असती. आमच्यात उदबत्ती लावत नाहीत. लावली असती तर आत्यांनी विचारलं असतं की हे काय नवीन. म्हणून प्रत्येकानं आपापला उपाय शोधला. मी कोलनचा रुमाल. बँकसाहेबांची बायको खोकल्याच्या गोळीचं निमित्त करून कापूर हुंगायची. वैशाली नगरहून आयटीतली एक मुलगी येते, संगमनेरची. तिनं सरळ मास्क लावला आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं. आत्या प्रेमानं रव्याचे लाडू करायच्या. ते आम्ही पर्समध्ये टाकायचो. त्या घरात तोंडात काही घालायची कल्पनाच सहन होत नव्हती.

आणि माझा नवरा काय करत होता? प्रार्थना. दर शनिवारी, शेवटची, सगळ्यात लांब. “हे प्रभू, या घरातली जी अडचण तू जाणतोस, ती तुझ्या चरणांशी ठेवतो.” वास जसा वाढला तशी प्रार्थना सुंदर होत गेली. आवाज असा मऊ, शब्द असे निवडलेले, की बँकसाहेबांचे डोळे भरायचे. अर्थात त्यात वासाचाही भाग असेल. एका शनिवारी तर आत्या साक्ष द्यायला उठल्या. म्हणाल्या, तुम्ही सगळे ज्या अडचणीसाठी प्रार्थना करत होता ती प्रभूनं दूर केली, आता काही त्रास नाही. आम्ही त्या वासात नखशिखान्त बुडालेले, एकमेकांकडे चोरून बघत, एका सुरात आमेन म्हणालो.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, आत्यांना सांगून का टाकत नाही? यांनी आधी बूट काढून जागेवर ठेवले. मग म्हणाले, “सांगायचं म्हणजे नोव्हेंबरपासून मी काही केलं नाही, हेही सांगावं लागेल.” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काम कूलरचं राहिलंच नव्हतं. कूलर तेवढाच होता. वाढली होती ती लाज. रोज थोडी, टाकीतल्या पाण्यासारखी, आपोआप भरत जाणारी.

एप्रिल लागला, ऊन चढलं आणि यांनी कूलर कधीच साफ केला असणार असं धरून आत्यांनी बटण दाबलं.

मी त्याचं वर्णन करते, तुम्ही खिडकी उघडा. आतापर्यंत तो वास बाहेर कुठेतरी पडून होता. आता त्याला पंखा मिळाला. तो ओला होऊन, गार होऊन, जोरात आमच्या तोंडावर यायला लागला, केसांत शिरला, गीतांच्या पुस्तकांच्या पानांत शिरला. गीत तिसऱ्या कडव्यात बसलं. आत्या मात्र वाऱ्यासमोर मान मागे टाकून म्हणाल्या, “काय गार वाटतंय नाही?” आयटीतली मुलगी हिरवी झाली होती.

मग जे झालं त्यानं मला हसू यायचं बंद झालं. बँकसाहेबांच्या बायकोनं, चांगल्या मनानं म्हणू या, पुण्याला भाच्याला फोन केला. आत्यांच्या घरात फार वास येतो म्हणाली. त्यांचं त्यांना होत नाही बहुतेक आता, वय झालं. भाच्यानं माझ्या नवऱ्याला फोन केला. तो सोमवारी सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीनं आत्यांना पुण्याला नेणार, घराला कुलूप लावणार. आत्यांना त्यानं न्यायला येतो एवढंच कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. हे फोन ठेवून खुर्चीत बसले ते बसलेच. जी बाई दुसऱ्यांची नखं बघते तिला घाण राहते म्हणून उचलून नेणार होते. तिच्या घरातून, तिच्या राखून ठेवलेल्या जागेपासून लांब. आणि ती घाण माझ्या नवऱ्याची होती.

मला वाटलं आता तरी हे उठतील. हे उठले आणि उपदेशाची तयारी करायला बसले. त्या शनिवारी बोलायची पाळी यांची होती.

विषय काय घेतला म्हणाल? दोन बहिणींचा भाऊ मेला, त्याला गुहेत ठेवलं, तोंडावर धोंड लावली, आणि प्रभू उशिरा पोचला, तो भाग. मी मनात म्हटलं, माणसा, या घरात तुला दुसरा भाग सापडला नाही? पण हे अगदी भरात होते. प्रभूच्या अश्रूंवर बोलले. बहिणींच्या दुःखावर बोलले. मग एकदम मेलेला भाऊ जिवंत होऊन बाहेर आला त्यावर गेले. मधली पायरी गाळली. मी ती कथा लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि गाळलेली पायरीच नेमकी माझ्या नाकासमोर होती.

आमच्यात उपदेशात मध्ये कुणी बोलत नाही, बायकोनं तर नाहीच. मी म्हणाले, “अहो, एक विचारू?”

हे थांबले.

“धोंड कोणी काढली?”

“प्रभूनं...” एवढं म्हणून हे अडखळले. “प्रभूनं काढायला सांगितलं.”

“सांगितलं. काढली कोणी?”

“तिथे जे उभे होते त्यांनी.”

“पण थोरली बहीण म्हणाली होती ना, की आता आत वास सुटला असेल?”

“म्हणाली होती.”

“तरी काढली?”

“तरी काढली,” हे म्हणाले, आणि यांचा आवाज पार गेला.

खोलीत कूलरचा तेवढा आवाज होता. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या होत्या. आत्यांचं नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. रुमाल पाहिला, मास्क पाहिला. “माझ्या कूलरकडे काय बघताय सगळे?” म्हणाल्या.

मी बोलणार होते. जिभेवर आलं होतं, आणि किती छान वाक्य होतं ते. पण माझ्या नवऱ्यानं हातातलं पवित्र शास्त्र मिटलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. “आत्या, त्याच्यात काहीतरी मेलंय. खूप दिवस झाले. घरभर वास आहे. मी कूलर साफ केलाच नाही, आणि केला नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून नुसती प्रार्थना करत राहिलो.”

आत्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, “मग ती दर शनिवारची अडचण म्हणजे ही?”

“हो.”

“मला वाटलं माझं पोट.”

बँकसाहेबांना हसू फुटलं आणि ते त्यांनी खोकून झाकलं. पण आत्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता, मागचे महिने एकेक करून जागेवर बसत होते. पर्समध्ये गेलेले लाडू. लवकर उठून जाणारी माणसं. “म्हणून भाचा मला न्यायला येतोय?” त्या म्हणाल्या. “मी घाण राहते म्हणून?”

बँकसाहेबांची बायको आपल्या नखांकडे बघत होती.

“उठा,” आत्या म्हणाल्या.

आणि इथे, तुमचा विश्वास बसणार नाही असं घडलं. माझा नवरा, नुकताच एवढं सगळं कबूल करून उभा असलेला माणूस, म्हणाला की उद्या उपासनेनंतर लगेच करू. सवय अशी असते. जीभ स्वतःच चालते.

“उद्या झावळ्यांचा रविवार, अख्खा दिवस चर्चमध्ये जातो,” आत्या म्हणाल्या. “परवा तो स्टेशनवर उतरतोय. साहेब, पँट वर करा.”

बँकसाहेब म्हणाले, आधी एक छोटी प्रार्थना करू या. आत्या म्हणाल्या, करा की, बादली भरेपर्यंत होईल तेवढी.

आता या पुढचं मी लग्नसमारंभात सांगते आणि मला परत बोलावत नाहीत.

कूलरचा प्लग काढला. जाळी गंजली होती, हलेना. यांनी जोर लावला आणि ती सुटली ती घासेच्या गठ्ठ्यासकट यांच्या छातीवर. काळी, बुळबुळीत, मोरीच्या भोकातून केसांचा गुंता ओढून काढावा तशी. ती शर्टावरून घसरत खाली गेली आणि मागे चिकट रेघ सोडून गेली. आत पाणी नव्हतं, रस्सा होता. वर जाड साय, सायीवर कडुनिंबाची पानं, आणि त्यात सगळीकडे वळवळ, डासांच्या अळ्यांची. एका कोपऱ्यात कबुतराचं घरटं खचून पडलेलं. आणि मध्ये ते कबुतर. कबुतर म्हणायचं ते पिसांवरून. बाकीचं आपापल्या वाटेनं निघालं होतं, फक्त अजून टाकीबाहेर गेलं नव्हतं. मी नाक धरलं नाही. मला बघायचं होतं. तो वास चेहऱ्यावर ओला फडका मारावा तसा लागला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी बघत राहिले.

माझा नवरा कडुनिंबाच्या बुंध्याशी गेला आणि दुपारचं सगळं जेवण तिथे ठेवून आला. मला वाटलं संपलं, आता आतून कुणाला तरी हाक मारतील. पण त्यांनी नळाच्या पाण्यानं तोंड धुतलं, परत आले, वर्तमानपत्राचा कागद दोन्ही हातांवर घेतला आणि ते कबुतर स्वतः उचललं. बँकसाहेब टाकीचं बूच काढत होते. आयटीतली मुलगी मास्क काढून खराटा मारत होती, म्हणाली मास्कच्या आतच जास्त वास कोंडतो. बँकसाहेबांची बायको न बोलता बादल्या आणत होती, आणि आत्या दारात खुर्ची टाकून वॉर्डात राउंड घ्यावा तशा सगळ्यांना कोपरे दाखवत होत्या. “ते कोपऱ्यात काय राहिलंय? हात घाल. हात धुता येतात.”

अंधार पडायच्या आत झालं. टाकी फिनेलनं धुतली, पंप घासला, बँकसाहेब बाजारातून नवी घास घेऊन आले. माझा नवरा ओलाचिंब, कोपरापर्यंत काळा, त्या स्वच्छ पत्र्याकडे बघत उभा होता. मला हळूच म्हणाला, “इतकंच होतं?”

मी टोमणा मारणार होते. नाही मारला. मला तेव्हा त्या गुहेपाशी उभी असलेली माणसं आठवली, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मेलेल्याला उठवायचं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांना झेपणारही नव्हतं. त्यांना सांगितलं होतं धोंडेचं, जे दोन हातांचं होतं, आणि वास येईल म्हणून ते टळलं नाही. सांगणारा स्वतः त्या वासात त्यांच्याबरोबर उभा होता. एवढं लक्षात आलं तर आळशी माणसालाही पँट वर करायला हरकत नसावी. उपदेश माझा नाही, पाळी माझी पुढच्या महिन्यात होती.

सोमवारी आम्ही दोघं मुद्दाम गेलो. भाचा आला. चांगला माणूस, मोठी बॅग, परतीची दोन तिकिटं. दारातच त्यानं असा श्वास घेतला जसा माणूस थंड पाण्याची बादली अंगावर घेण्याआधी घेतो. काही नाही. नव्या ओल्या घासेचा वास, चहाचा वास. मग त्यानं आत्यांना जवळ घेतलं आणि त्यांच्या डोक्याशी नाक नेऊन हळूच हुंगलं. आत्यांनी ते ओळखलं. चहा देण्याआधी म्हणाल्या, नखं बघू.

त्यानं लाडू खाल्ला, मग दुसरा खाल्ला. आम्हीही खाल्ले. उत्तम झाले होते आणि मागचे सगळे मी गाईला घातले होते. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, “घर छान आहे आत्या, पण तू एकटी किती दिवस राहणार? तिकीट काढलंय मी.”

आत्यांनी हात पदराला पुसले. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आणि आवाज असा मऊ केला, शब्द असे तोलून टाकले, की माझ्या नवऱ्याची मान खाली गेली. हुबेहूब त्याचीच तऱ्हा होती.

“बाळा,” त्या म्हणाल्या, “आपण हे प्रार्थनेत ठेवू या.”

आणि डोळे मिटले. भाच्यालाही मिटावे लागले. मी मिटले नाहीत. यांचे खांदे हलत होते, आणि कूलरचा गार वारा चौघांवरून जात होता. गाडी सुटेपर्यंत आत्यांनी आमेन म्हटलं नाही, असं मी सगळीकडे सांगते. ते थोडं वाढवून आहे. पण भाचा पुण्याला एकटाच गेला, डब्यात लाडू घेऊन, हे खरं.